सख्ख्यांना मनाई

मेट्रनबाईंना हॉस्पिटलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. घरात त्या अजून ड्यूटीवरच असत. सकाळी उठल्या की खोल्याखोल्यांतून एक फेरी मारत, चादरींचे कोपरे ताठ खोचलेत की नाही ते बघत, आणि मुलगा अजून अंथरुणात दिसला तर तो आजारी आहे असं धरून त्याच्या कपाळाला हात लावत. मुलाने चाळिशी ओलांडली होती. तो निमूटपणे कपाळ पुढे करी, कारण कुरकुर केली तर थर्मामीटर येतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

सूनबाई दुसऱ्या घरात वाढलेली होती. तिच्या माहेरी लोक उशिरापर्यंत झोपत आणि तरी धडधाकट असत. सासूच्या शिस्तीला तिने कधी तोंडावर विरोध केला नाही, पण खोचलेली चादर ती रोज रात्री पायाने मोकळी करी आणि मग झोपे. अशा रीतीने दोघींचं उत्तम चाललं होतं.

प्रश्न नातीचा होता. सात वर्षांची पोर, एका जागी दोन क्षण ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पण ही भिंगरी शाळेत गरगरे, रस्त्यावर गरगरे आणि आजीच्या हाती आली की थांबे. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून येईपर्यंत ती मेट्रनबाईंच्या ताब्यात असे. आल्याआल्या बूट भिंतीला टेकवून, टाचा जुळवून ठेवायचे. हात कोपरापर्यंत धुवायचे. नखं दाखवायची. मग केळं. कुठे पडून रडत आली तर मेट्रनबाई म्हणत, "रडायचं नंतर. आधी कुठे दुखतंय ते सांग." पोर बिचारी सांगू लागे, आणि सांगून होईपर्यंत रडू शिळं होऊन जाई. मेट्रनबाईंच्या लेखी ही पन्नास टक्के बरी होण्याची खूण होती.

एकदा भिंगरी शाळेच्या मैदानात आपटली आणि गुडघा चांगलाच सोलवटला. तिने काय करावं? मोजा वर ओढला आणि गप्प बसली. उभा जन्म जखमा धुण्यात घालवलेली बाई घरात असताना त्या घरात एक गुडघा गुपचूप पिकला. शेवटी आंघोळ घालताना सूनबाईच्या लक्षात आलं.

"मला सांगितलं असतं तर दोन मिनिटांत साफ करून दिला असता," मेट्रनबाई म्हणाल्या.

"म्हणूनच नाही सांगितलं तिने, आई," सूनबाई म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. तो चढवला असता तर मेट्रनबाईंना बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

त्यानंतर आठवडाभरात सूनबाईने जेवताना विषय काढला. वाचनालयाच्या तळमजल्यावर शाळेनंतरचं केंद्र आहे म्हणे, मुलं तिथे खेळतात, अभ्यास करतात, सहा वाजता आपण घेऊन यायचं. "आई, तुम्हाला या वयात आता दगदग नको." मुलाने मान ताटात घातली. मेट्रनबाईंनी आयुष्यात कितीतरी नर्सेसना गोड शब्दांत सक्तीच्या रजेवर पाठवलं होतं, त्यामुळे आपल्याला कुठे पाठवलं जातंय हे त्यांना लगेच समजलं. "काही हरकत नाही," त्या म्हणाल्या.

पहिल्या दुपारी सवयीने त्यांनी केळं काढून ठेवलं. मग ते स्वतःच खाल्लं. घर इतकं स्वच्छ होतं की करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भिंतीशी बूट नव्हते. मेट्रनबाईंना रडू आलं. आधी कुठे दुखतंय ते सांगायचं, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला, आणि सांगायला समोर कोणी नसल्यामुळे रडणं राहून गेलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या वाचनालयात जाऊन उभ्या राहिल्या. त्या केंद्राला वयस्कर स्वयंसेवक हवेत असं बाहेर लिहिलेलंच होतं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "रिकामं बसवत नाही. थोडी समाजसेवा करावी म्हणते." समाज नेमका किती वर्षांचा आहे आणि त्याचं नाव काय, हे सूनबाईच्या ध्यानात आलं, पण समाजसेवेला नाही कोण म्हणणार?

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मधे एक काचेचा दरवाजा. खुर्च्या मुलांच्या मापाच्या, त्यामुळे म्हातारी माणसं एकदा बसली की उठताना कोणाचातरी हात लागे. सगळीकडे डिंकाचा आणि मोज्यांचा वास. चालवणारी मुलगी पंचविशीची होती आणि तिला सगळे ताई म्हणत. सत्तरीची माणसं तिला ताई म्हणत आणि ती त्यांना आजी-आजोबा म्हणे, त्यामुळे तिथे नाती जुळवत बसण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे.

मेट्रनबाईंना ताईने पहिली खोली दिली. भिंगरी तिथेच होती. ती चारपाच पोरींच्या घोळक्यात कशावरून तरी खिदळत होती. आजीला दारात पाहिलं आणि तिची पाठ ताठ झाली. मग ती उठली, बुटांच्या मांडणीपाशी गेली आणि आपले बूट टाचा जुळवून ठेवून आली. मेट्रनबाईंना भरून आलं. पोर आपल्याला विसरली नाही म्हणायची.

त्याच खोलीत शिंपीमामा होते. दुकान मुलाच्या हवाली करून ते इथे येत, मुलांना कागद कापायला, बटणं लावायला शिकवत. माणूस मोठा गोड. कोणाच्या पोराने कागद फाडला तर म्हणत, "वा, झालर छान निघाली." पण त्यांचा स्वतःचा नातूही त्याच खोलीत होता. त्याला ढब्बू म्हणत, आणि नाव शोभत होतं. त्या ढब्बूने कात्री हातात घेतली रे घेतली की मामांच्या आवाजातली साखर संपे. "सरळ. सरळ काप. कात्री काय जांभया देतेय का? तुझा बाप या वयात खिसे लावायचा." ढब्बूच्या कपाळावर घाम येई आणि कागद आणखी वाकडा कापला जाई.

मेट्रनबाईंनी हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. त्यांनी ताईला बाजूला घेतलं.

"ताई, आमच्या हॉस्पिटलात एक पद्धत होती. एखाद्या नर्सचं सख्खं माणूस वॉर्डात दाखल झालं की त्या नर्सची ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात. आपल्या माणसाला सुई टोचताना एक तर हात थरथरतो, नाहीतर जरा जास्तच जोरात टोचली जाते. ते शिंपीमामा बघा. त्या पोराचा जीव किती टांगणीला लागतो. इथेही तसा नियम करा. आपलं पोर ज्या खोलीत, तिथे आपण नाही."

ताईचे डोळे चमकले. "आजी, मी कधीपासून विचार करत होते हे कसं सांगावं. तुम्हीच बोललात, फार बरं झालं."

"त्यात कसला संकोच? नियम म्हणजे नियम. सगळ्यांना सारखा."

"उद्यापासूनच करू या," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई आल्या तेव्हा शिंपीमामा आपल्या जागेवरच बसले होते आणि त्यांच्या शेजारी भिंगरी सुईत दोरा ओवत होती. ढब्बू तेवढा दिसत नव्हता. ताई हसतमुखाने म्हणाली, "आजी, तुम्ही पलीकडच्या खोलीत." मेट्रनबाईंनी मागे वळून पाहिलं, ताई कोणत्या आजीशी बोलतेय ते बघायला. मागे कोणी नव्हतं.

आपल्या हाताने आपल्या पायावर असा नेमका धोंडा त्यांनी आजवर पाडून घेतला नव्हता. खोटं कशाला बोला, तो नियम सांगताना आपणही कोणाच्या तरी सख्ख्या आहोत हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. सख्खे म्हणजे ते, जे भेटीच्या वेळेत येतात, खाटेवर बसतात आणि नको ते प्रश्न विचारतात. मेट्रन ती मेट्रन. आता तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? त्या मूग गिळून पलीकडे गेल्या. जाताना काचेतून त्यांनी एकदाच पाहिलं. भिंगरीचे ताठ खांदे खाली आले होते आणि ती शिंपीमामांना काहीतरी सांगत हात हवेत उडवत होती. एवढं स्पष्ट दिसायला नको होतं, पण काच त्यांनीच आदल्या दिवशी लख्ख पुसली होती.

पलीकडच्या खोलीत ढब्बू आणि त्याच्यासारखी आठदहा पोरं होती. मेट्रनबाईंनी ठरवलं की आपण इथे काही म्हणजे काही करायचं नाही. ही काही आपली पोरं नव्हेत. यांच्या नखांत माती असेल तर ती यांच्या आयांनी बघावी. असं म्हणून त्या हाताची घडी घालून कोपऱ्यात बसल्या. एक मुलगी बिनधुतल्या हाताने बिस्किट खाताना दिसली. मेट्रनबाईंनी दात आवळले. मुलीने अर्धं बिस्किट त्यांच्यापुढे धरलं. नको म्हणावं तर पोर खट्टू होईल, म्हणून त्यांनी ते खाल्लं. संध्याकाळपर्यंत त्यांना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही झालं नाही. मेट्रनबाईंच्या मनात वैद्यकशास्त्राविषयी पहिल्यांदाच शंका आली.

हळूहळू पोरं अंगावर येऊ लागली. कोणाला ओरडत नाही, कोणाला नीट बस म्हणत नाही, अशी म्हातारी त्यांनी पाहिली नव्हती. ही माया नसून संप आहे, हे त्यांना कुठून कळणार? कोणाचं कोपर खरचटलं तर तो मोठ्याने गळा काढत थेट त्यांच्याकडे येई, आणि त्या त्याला मनसोक्त रडू देत, कारण घाई त्याच्या आईला असेल, त्यांना नव्हती. रडून झालं की जखम धुवून घेताना तो हूं की चूं करत नसे. ढब्बूने एकदा कात्रीने घर कापून आणलं. ते इतकं वाकडं होतं की त्यात राहायला कोणी गेलं नसतं. "सुरेख," मेट्रनबाई म्हणाल्या. ढब्बूने मागे वळून पाहिलं, त्या कोणाशी बोलताहेत ते बघायला.

मग एका दुपारी हॉस्पिटलचा खेळ निघाला. डॉक्टर व्हायला सगळे तयार, रोगी व्हायला कोणी नाही. पोरांनी आपसांत मसलत केली आणि खोलीत मरायला सगळ्यात जवळ कोण आहे ते शोधून काढलं.

"आजी, तुम्ही आजारी पडाल का?" ढब्बूने विचारलं.

आयुष्यात एक दिवस आजारपणाची रजा न घेतलेल्या मेट्रनबाई चटईवर आडव्या झाल्या. ढब्बूने पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "यांचं पोट तुटलंय." उपचार सुरू झाले. रंगीत कागदाच्या लांब पट्ट्या आल्या, आणि पोरांनी त्यांना पायापासून मानेपर्यंत गुंडाळायला घेतलं. एक पट्टी ढिली, दुसरी आवळलेली, गळ्यात अडकवलेली झोळी भलत्याच हाताला. शिकाऊ नर्सने असं बँडेज बांधलं असतं तर मेट्रनबाईंनी तिला वॉर्डातून बाहेर काढलं असतं. पण आता त्या ड्यूटीवर नव्हत्या, रोगी होत्या. त्यांना हसू फुटलं. पोटातून आलं आणि थांबेना.

"रोगी हसतोय," एक डॉक्टर काळजीने म्हणाली. "बरा झाला वाटतं. आता सोडावं लागणार."

"इंजेक्शन दे," ढब्बू म्हणाला. "परत आजारी करू."

काचेपलीकडून भिंगरी हे सगळं बघत होती. नाक काचेला चिकटवून, तोंड उघडं टाकून. मेट्रनबाईंनी झोळीतला हात हलवला, पण भिंगरीला तो आपल्यासाठी आहे असं वाटलं नसावं. तिने हात हलवला नाही.

घरी जेवताना मात्र शिंपीमामांचं पुराण लागे. मामा असं म्हणाले, मामांनी तसं केलं, मामांना सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून मी ओवून देते. मेट्रनबाईंचा आतून जळफळाट होई. शेवटी एकदा बाहेरच्या बाकावर मामा चहा पीत बसलेले दिसले तेव्हा त्या मुद्दाम जाऊन शेजारी बसल्या.

"तुमची नात म्हणजे लाखात एक हो, मेट्रनबाई," मामा म्हणाले. "काय बोलते, काय नकला करते. परवा एका कडक नर्सची नक्कल केली, हसून हसून माझा चष्मा पडला."

"आमच्या घरी नकला करत नाही ती," मेट्रनबाई म्हणाल्या. मग त्यांनीही उसनं फेडलं. "तुमचा ढब्बू काय कमी आहे? डोकं काय चालतं त्याचं. कात्री तर अशी बिनधास्त चालवतो, कागद कुठेही जातो, याला पर्वा नाही."

"कुठेही जातो?" मामांचा कप हवेतच राहिला. "आणि तुम्ही बघत बसता?"

"तुम्ही नाही का नकला बघत बसत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघंही चहा संपेपर्यंत रस्त्यावरची रहदारी पाहत बसले.

त्याच आठवड्यात सूनबाई नेहमीपेक्षा लवकर आली. तिने पलीकडच्या खोलीत सहज डोकावलं. सासूबाई चटईवर निजल्या होत्या, हिरव्यागुलाबी पट्ट्यांत करकचून बांधलेल्या, कपाळावर एक ओला हातरुमाल आणि पोटावर एक पोर. पोराच्या नाकाला शेंबूड होता. सासूबाई हसत होत्या. सूनबाई दाराशी थिजली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने या बाईंना असं पाहिलं नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने स्वतःहून विषय काढला. "आई, माझं चुकलंच. भिंगरीला पुन्हा दुपारची घरीच ठेवू या का? तुमच्यापाशी? तुम्ही किती बदलला आहात."

मेट्रनबाईंना जग जिंकल्यासारखं वाटलं. "बघ बाई, तुम्हाला बरं वाटत असेल तर," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला उठल्या, कारण डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसायला नको होते.

सोमवारी भिंगरी शाळेतून थेट घरी आली. मेट्रनबाईंनी कंबर कसली होती. आज बुटांबद्दल बोलायचं नाही. नखं बघायची नाहीत. पण बोलायची वेळच आली नाही. भिंगरीने बूट टाचा जुळवून ठेवले, हात कोपरापर्यंत धुतले आणि नखं पुढे केली. मेट्रनबाई घाईघाईने चटई अंथरून आडव्या झाल्या.

"मी आजारी पडले आहे," त्या म्हणाल्या. "मला बँडेज बांध."

भिंगरी आत गेली आणि औषधांच्या पेटीतून खरं बँडेज घेऊन आली. रंगीत कागद घरात नव्हता. तिने आजीच्या पायाला पहिला वेढा घातला, आणि मेट्रनबाईंच्या तोंडून, त्यांनी तोंड मिटून घ्यायच्या आत, शब्द निसटले. "वरून नाही गं. खालून वर. आणि अर्धी पट्टी अर्धीवर."

भिंगरीने सोडलं. खालून वर घेतलं, अर्धी पट्टी अर्धीवर. जीभ दातांत धरून तिने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय बांधला आणि टोक नीट आत खोचलं. बँडेज अप्रतिम झालं होतं. कुठल्याही परीक्षेत पहिला नंबर आला असता. खोलीत कोणी हसत नव्हतं.

"झालं?" भिंगरीने विचारलं.

"झालं. छान बांधलंस."

"मग मी अभ्यासाला बसू?"

मेट्रनबाई त्या सुंदर बँडेजकडे बघत पडून राहिल्या. त्यांना समजलं होतं. बदलबिदल काही झालेला नव्हता. परक्या पोरांपुढे त्या सैल सुटत आणि आपल्या पोरीपुढे त्यांच्या हाडांत पुन्हा मेट्रन उभी राही. आणि पोरगीही तशीच. शिंपीमामांपुढे नकला करणारी ती मुलगी या घराच्या उंबऱ्याच्या आत यायलाच तयार नव्हती. यायची ती दुसरीच, टाचा जुळवणारी.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी केळं खाता खाता भिंगरी म्हणाली, "आजी, तू आता तिकडे जाणारच नाहीस?"

"तू इथे. मी तिकडे कशाला जाऊ?"

"मग ढब्बू कोणाला बांधणार?" तिने थोडा वेळ केळ्याकडे पाहिलं. "मी ताईला विचारलं होतं, मला त्या खोलीत घ्या म्हणून. ताई म्हणाली, घेतलं असतं गं, पण त्या तुझ्या आजी आहेत ना."

"नियम आहे तसा."

"कोणी केला?"

"हॉस्पिटलने," मेट्रनबाई म्हणाल्या.

भिंगरी विचारात पडली. तिचे पाय खुर्चीखाली हलू लागले. "आणि समजा तू नसतीस तर?"

"कोण नसते?"

"आजी. फक्त शाळा सुटल्यावर नाही. सहा वाजल्यानंतर परत हो."

कुठे दुखतंय ते मेट्रनबाईंना नेमकं सांगता आलं असतं, पण विचारणारं कोणी नव्हतं, आणि जी होती ती उत्तराची वाट बघत होती. आशेने. किती दिवसांनी पोर त्यांच्याकडे अशी बघत होती.

"बघू," त्या म्हणाल्या.

रात्री त्यांनीच जाहीर केलं की भिंगरीने केंद्रात जावं, घरी तिला कंटाळा येतो. सूनबाई चक्रावून गेली. "अहो आई, पण तुम्हालाच तर ती हवी होती."

"हवी आहे ना," मेट्रनबाई म्हणाल्या. "म्हणून तर."

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने काखा वर केल्या.

दुसऱ्या दुपारी बुटांच्या मांडणीपाशी ताई नेहमीसारखी पोरांना मोजून आत सोडत होती. भिंगरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ताई, मला त्या खोलीत घ्या. त्या माझ्या आजी नाहीत."

ताईने मेट्रनबाईंकडे पाहिलं. मेट्रनबाईंनी उभ्या नोकरीत कधी खोटं सांगितलं नव्हतं. एकदा एका मंत्र्याच्या मेहुण्यासाठीही नाही.

"खरं का हो, आजी?" ताईने विचारलं.

"कोणाची मुलगी आहे कोण जाणे," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी नाही ओळखत हिला."

भिंगरीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते त्यांनी काचेतूनच काय ते आजवर पाहिलं होतं. एवढ्यात मागून ढब्बूने हात वर केला. "मग माझे पण आजोबा माझे नाहीत. मला त्यांच्याकडे बटणं शिकायची आहेत."

"अरे, काल रात्री माझ्या मांडीवर झोपलास की," शिंपीमामा दुखावल्या आवाजात म्हणाले.

"ते सहानंतर," ढब्बू म्हणाला.

ताईने कपाळाला हात लावला आणि दोघांनाही आत सोडलं. जो नियम मेट्रनबाईंनीच तिला सुचवला होता तो असा सर्वांच्या संमतीने तसाच राहिला. आपल्या पोराला आपल्या खोलीत मनाई. आपलं पोरच नसेल तर प्रश्न कुठे येतो?

आत गेल्यावर भिंगरीने बूट भिरकावून दिले. एक इकडे पडला, एक दाराखाली. मेट्रनबाईंनी नजर छताकडे वळवली. मग ती त्यांच्यासमोर येऊन चटईवर फतकल मारून बसली, बिनधुतल्या हाताने बिस्किट फोडलं आणि अर्धं त्यांना दिलं.

"तुम्हाला माहितेय," ती अगदी नव्या ओळखीच्या सुरात म्हणाली, "माझी पण एक आजी आहे. तुमच्यासारखीच नर्स होती. पण फार कडक."

"हो का?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"हो तर. झोपले तरी हात सरळ ठेव म्हणते. मी दूध पिताना तोंडाकडे बघत बसते. एकदा माझं कापडी अस्वल, भालू, तिने उकळत्या पाण्यात घातलं. त्याचा एक डोळा गेला. मी खूप रडले. पण संडासात जाऊन."

भालूचा डोळा गेलेला मेट्रनबाईंना आठवत होता. तिचं रडणं त्यांना माहीत नव्हतं.

"मग हे तू तिला कधी सांगितलं नाहीस?"

"नाही." भिंगरीने मान जोरात हलवली. "तिला वाईट वाटेल."

"आणि मला सांगतेस ते?"

भिंगरीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढी मोठी बाई आणि एवढी साधी गोष्ट कळू नये.

"तुम्हाला कशाला वाईट वाटेल? तुम्ही थोड्याच माझ्या कोणी आहात?"

"ते खरंच," मेट्रनबाई म्हणाल्या. "बरं, मग? आणखी काय काय करते ती?"

भिंगरी सरकून अगदी जवळ आली, त्यांच्या गुडघ्यावर कोपर टेकवलं आणि सांगू लागली.